मूत्राशय काढल्यानंतरची मूत्रवळण शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक आढावा

कर्करोगग्रस्त मूत्राशय काढल्यावर मूत्र कोठे न्यावे, या प्रश्नाच्या उत्तरांचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

१८८७ मध्ये कोलोन येथे बार्डेनहॉयर यांनी कर्करोगासाठी संपूर्ण मूत्राशय काढले. रुग्ण काही दिवसांतच दगावला. लंडनच्या जॉन सायमन यांनी १८५२ मध्येच जन्मतः उघडे मूत्राशय असलेल्या रुग्णाच्या मूत्रवाहिन्या गुदाशयाकडे वळविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. पुढे कर्करोगातही मोठ्या आतड्याचा मार्ग अवलंबिला गेला. परंतु तेथील जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचत आणि मूत्रातील क्षार पुन्हा शोषले जाऊन रक्ताची आम्लता वाढे.

१९५० मध्ये अमेरिकेतील युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्यातून मूत्र पोटावरील छिद्रावाटे बाहेर नेले. मूत्र साठत नसल्याने शोषण घटले. मात्र पोटावरची पिशवी कायमची झाली. स्वीडनच्या निल्स कॉक यांनी आतड्याची नळी उभी चिरून, दुमडून शिवली. त्यामुळे आकुंचनाच्या लाटा खंडित होऊन आतला दाब कमी राहिला. याच तत्त्वावर १९८०च्या दशकात हौटमन व श्टूडर यांनी मूळ मूत्रमार्गाला जोडलेले नवे मूत्राशय घडविले.

तथापि मूत्रपिंडे दुबळी असल्यास वा मूत्रमार्गात कर्करोग असल्यास ते टाळावे लागते. म्हणूनच ब्रिकर यांची पद्धत आजही टिकून आहे. येथे नव्याने जुन्याला बाद केले नाही. रुग्णापुढील पर्याय मात्र वाढविले.