खिसा-पिस्तूल

कपड्यांखाली, खिशात किंवा हातपिशवीत बाहेरून दिसणार नाही अशा रीतीने बाळगता येणारे आखूड नळीचे व हलके पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर. त्याची लांबी सामान्यतः ११ ते १७ सेंमी. आणि वजन ३५० ते ६५० ग्रॅ. असते. लष्करी पिस्तूल कमरपट्ट्यास उघड लटकवावयाचे असते. खिसा-पिस्तूल ज्याच्याजवळ आहे त्याखेरीज इतरांस ते असल्याची कल्पना नसावी, हा त्याच्या रचनेमागील हेतू होय. लहान चणीच्या व्यक्तीस, विशेषतः स्त्रियांस, असे हत्यार सोयीचे असते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. लहान पिस्तूल लपविण्यास सोपे असते, चालविण्यास नव्हे. मुंबईपुरते बोलावयाचे तर हाताच्या मापाने हत्यार निवडण्याची संधी येथील सामान्य माणसास क्वचितच मिळाली. कोणाच्या हाती कोणते पिस्तूल यावे, हे मुख्यतः कायद्याने आणि काय मिळू शकते यानेच ठरविले.

ठासणीचे लहान तमंचे यूरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात प्रचारात होते. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराचे नाव तर अशा हत्यारांच्या एका जातीलाच पडले. तथापि आजच्या अर्थाने खिसा-पिस्तूल अस्तित्वात आले ते जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकन संशोधकामुळे. बेल्जियममधील लीएझजवळच्या एर्स्ताल येथील एफ्. एन्. या कारखान्यासाठी त्याने तयार केलेले १९०० चे प्रतिमान ७·६५ मिमी. व्यासाचे, सात काडतुसांचे व सु. ६२५ ग्रॅ. वजनाचे होते. यानंतर १९०६ मध्ये ६·३५ मिमी. व्यासाचे, सु. ११·५ सेंमी. लांबीचे व वजनाने जवळजवळ निम्मे असे प्रतिमान निघाले. ते बंडीच्या खिशात मावत असे. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९०३ मध्ये ब्राउनिंगच्याच आराखड्यावरून ·३२ इंची पिस्तूल काढले. त्याचा घोडा आत झाकलेला असल्याने खिशातून बाहेर काढताना तो कापडात अडकत नसे. ७·६५ मिमी. आणि ·३२ इंच ही एकाच काडतुसाची दोन नावे होत. हे काडतूस पुढे या विषयाच्या भारतीय इतिहासात वारंवार भेटते.

भारतात त्या वेळी १८७८ चा शस्त्र अधिनियम अमलात होता. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या या कायद्याने भारतीयांस परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली; यूरोपियनांस मात्र त्यातून सूट होती. वंशावर आधारलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी काढून टाकली, तरी परवाना देणे न देणे सरकारच्या मर्जीवरच राहिले. फोर्टमधील गोऱ्या व्यापाऱ्यास दुकानात जाऊन चार पिस्तुले हाताळून त्यांतील एक निवडता येई. गिरगावातील वकिलास वा परळच्या गिरणीतील जॉबरला ते शक्य नव्हते. ज्याने कायद्याबाहेर जाण्याचे ठरविले, त्याला तर जे हाती पडेल ते घ्यावे लागे.

असा पहिला मोठा साठा १९०९ मध्ये मुंबई बंदरात उतरला. विनायक दामोदर सावरकर यांनी पॅरिसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे मिळवून ती लंडनच्या इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या सामानातून धाडली. पेटीस खोटा तळ बसवून त्याखाली ती दडविली होती. १९०० च्या प्रतिमानाच्या वजनाने हिशेब केल्यास अशा वीस पिस्तुलांचे ओझे साडेबारा किलो भरते. प्रवाशाच्या पेटीत ते संशय न येता सामावते. तेवढीच लष्करी रिव्हॉल्व्हरे नेणे कठीण झाले असते. अमीन मुंबईस पोहोचण्यापूर्वी थोडेच दिवस बाबाराव सावरकरांना अटक झाली होती. या वीसांपैकी एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने जिल्हाधिकारी जॅक्सनचा वध केला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिक कटाचा मोठा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायासनापुढे चालला. मुख्य न्यायमूर्ती बेझिल स्कॉट यांच्यासोबत नारायण गणेश चंदावरकर हेही त्या न्यायासनावर होते. ब्राउनिंग हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले, ते बव्हंशी या खटल्यामुळे.

स्त्रीच्या हातातील पिस्तुलाचे मुंबईतील ठळक उदाहरण त्यानंतर एकवीस वर्षांनी घडले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी लाहोर कटाच्या खटल्यात भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली. दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरच्या रात्री, ग्रँट रोडनजीकच्या लॅमिंग्टन रोड पोलीस ठाण्यासमोर मोटारीतून आलेल्या क्रांतिकारकांनी गोळीबार केला. त्यात सार्जंट टेलर व त्याची पत्नी जखमी झाली. मोटारीतील मंडळींत पृथ्वीसिंग आझाद, सुखदेवराज आणि दुर्गादेवी व्होरा (१९०७–९९) ही होती. मूळ बेत मुंबईच्या गव्हर्नरावर हल्ला करण्याचा होता असे सांगतात. दुर्गादेवींचे पती भगवतीचरण हे त्याच वर्षी २८ मे रोजी रावीकाठी बाँबची चाचणी घेताना मृत्यू पावले होते. ‘दुर्गाभाभी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या याच बाईंनी डिसेंबर १९२८ मध्ये भगतसिंगांची पत्नी असल्याची बतावणी करून, लहान मुलगा कडेवर घेऊन, त्यांना लाहोरबाहेर काढले होते. राजगुरू त्या प्रवासात नोकराच्या वेषात होते.

त्यांच्या संघटनेजवळील ज्या हत्यारांची निश्चित ओळख पटली आहे, ती या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची होत. भगतसिंगांचे पिस्तूल आणि अलाहाबादच्या संग्रहालयात ठेवलेले चंद्रशेखर आझादांचे पिस्तूल ही दोन्ही ·३२ व्यासाची कोल्ट आहेत. म्हणजे गुप्त संघटनेने लष्करी बनावटीपेक्षा खिशात मावणारी बनावट जवळ केली होती. ती चोरट्या बाजारात मिळे, हे एक कारण. धोतर, सदरा, शाल किंवा साडी या पोशाखात ती लपे, हे दुसरे. पाश्चात्त्य लेखक पिस्तूल बाळगण्याचा विचार पाटलोण आणि पट्टा गृहीत धरून करतात. साडीस पट्टा नसतो आणि धोतराचा सोगा अर्धा किलो लोखंडाचा भार फार वेळ पेलत नाही. पोशाखाचा हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. हातपिशवी हा त्यावरील उपाय सुचविला जातो. पण पिशवी हिसकावली गेली, की हत्यारही गेले.

लॅमिंग्टन रोडच्या गोळीबारात दोघे जखमी झाले, कोणी मेले नाही. चालत्या किंवा नुकत्याच थांबलेल्या मोटारीतून, अंधारात, आखूड नळीच्या पिस्तुलाने नेम साधणे सरावलेल्यासही अवघड असते. त्यावरून चालविणाऱ्याच्या धैर्याविषयी किंवा शरीरयष्टीविषयी काही अनुमान काढणे योग्य नव्हे. पृथ्वीसिंगांसारखा कसलेला माणूसही त्याच मोटारीत होता.

हात आणि हत्यार : लहान चणीच्या नेमबाजाची अडचण नेमकी कशात आहे, हे थोडे गणित केल्यास स्पष्ट होते. ७·६५ मिमी. ची गोळी सु. ४·६ ग्रॅ. वजनाची असते व सेकंदाला सु. ३०० मी. वेगाने सुटते. दारूच्या वायूंचा परिणाम सोडून दिल्यास ६२५ ग्रॅ. चे पिस्तूल त्यामुळे सेकंदाला सु. २·२ मी. वेगाने मागे येते. तेच काडतूस ३५० ग्रॅ. च्या पिस्तुलातून झाडल्यास हा वेग सु. ३·९ मी. होतो आणि हातावर येणारी ऊर्जा पाऊणपटीहून अधिक वाढते. म्हणजे अशक्त मनगटाच्या माणसास हलके हत्यार देणे म्हणजे त्याच्या हातावर अधिक जोराचा धक्का लादणे होय. ब्राउनिंगला हे ठाऊक होते. म्हणून १९०६ चे प्रतिमान हलके करताना त्याने काडतूसही लहान केले. त्याची सु. ३·२ ग्रॅ. ची गोळी सेकंदाला सु. २३० मी. वेगाने जाते. धक्का पूर्वीइतकाच राहिला, पण गोळीची ऊर्जा सु. २०० जूलवरून ८५ जूलवर आली. लहान आकार, सौम्य धक्का आणि परिणामकारक गोळी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्याव्या आणि तिसरी सोडावी लागते. विक्रेते बहुधा हे सांगत नाहीत.

धक्क्याइतकेच मुठीचे माप महत्त्वाचे असते. पिस्तूल हातात धरले असता नळी कोपरापासून मनगटापर्यंतच्या रेषेत यावी आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकावे. मूठ जाड असेल तर लहान हात बाजूस वळवून धरावा लागतो आणि गोळी डावी-उजवीकडे जाते. याउलट मूठ फारच आखूड असेल तर करंगळीस व अनामिकेस जागा उरत नाही आणि धक्का दोन बोटांवर येतो. तिसरी अडचण सरकत्या भागाची. लहान स्वयंभरी पिस्तुलांत सरकता भाग नळीशी अडकविलेला नसतो. केवळ त्याचे वजन आणि स्प्रिंगचा ताण यांनीच तो रोखलेला असतो. त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते व पहिले काडतूस भरण्यासाठी ती मागे ओढताना पातळ बोटांची दमछाक होते. नळी वर उचलून तीत काडतूस ठेवण्याची सोय असलेली काही पिस्तुले इटलीच्या बेरेटा कंपनीने काढली, ती याच अडचणीमुळे सोयीची ठरतात. रिव्हॉल्व्हरमध्ये असे काही ओढावे लागत नाही, बार उडाला नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस येते. परंतु घोडा न चढविता चाप ओढावयाचा तर पाच किलोच्या आसपास जोर लागतो. अर्ध्या किलोच्या हत्यारावर त्याच्या दहापट जोर एका बोटाने लावताना नळी जागच्या जागी राहणे कठीण असते.

यावर उपाय असतो, हे क्रीडा-नेमबाजीत दिसते. तेथे मूठ खेळाडूच्या पंजाच्या मापाने कोरून व तासून घेतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, ते ·२२ व्यासाच्या, तुलनेने जड आणि लांब नळीच्या पिस्तुलाने. खिशात ठेवण्याच्या पिस्तुलाची मूठ अशी कोणी कोरून घेत नाही.

कायदा व व्यास : स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि १९६२ चे नियम आले. लष्कर व पोलीस वापरतात त्या ९ मिमी. सारख्या काडतुसांची पिस्तुले ‘निषिद्ध व्यासा’त गेली. सामान्य परवानाधारकास मुख्यतः ·३२ आणि ·२२ एवढेच उरले. अशा रीतीने नाशिकच्या खटल्यात गाजलेले काडतूस कायदेशीर नागरी शस्त्राचे काडतूस बनले. १९८० च्या दशकाच्या मध्यास खाजगी आयात बंद झाल्यावर वेब्ली, वाल्थर, ब्राउनिंग अशी जुनी परदेशी पिस्तुले हातोहात फिरू लागली व त्यांची किंमत गुणवत्तेपेक्षा दुर्मिळतेमुळे वाढली. नवे हत्यार हवे असेल तर सरकारी आयुधनिर्माणींच्या मोजक्या प्रतिमानांतून निवड करावी लागे.

मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागच्या जमिनींना मोल आले आणि १९९० च्या दशकात खंडणीखोर टोळ्यांचा उपद्रव वाढला. ‘घोडा’ हा शब्द पूर्वी हत्याराच्या एका भागाचे नाव होते, तो याच सुमारास बोलीत सबंध पिस्तुलाचे नाव म्हणून रूढ झाला. गिरणीमालक सुनीत खटाव यांची ७ मे १९९४ रोजी महालक्ष्मीजवळ आणि कामगारनेते दत्ता सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे गोळ्या घालून हत्या झाली. दोघेही मोटारीत होते. अशा हल्ल्यात कपड्यांखालचे पिस्तूल बाहेर काढण्याइतकाही अवधी मिळत नाही, मग ते कितीही हाताच्या मापाचे असो.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या आयुधनिर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे ·३२ रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून विक्रीस आणले. वजन सु. ५०० ग्रॅ., किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात आणि दागिन्यांच्या पेटीसारखी पेटी. वजन कमी करण्याकडे जेवढे लक्ष दिले गेले, तेवढे चापाकडे व मुठीकडे दिले गेल्याचे दिसत नाही. आणि त्या किमतीत गिरगावच्या चाळीतील नोकरदार स्त्रीचा विचार झाला होता असे म्हणणे धाडसाचे होईल. आयुधनिर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन हे उत्पादन नव्या सरकारी कंपनीकडे गेले.

२०१६ च्या नियमांनी परवान्यापूर्वी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांस आपली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. लॅमिंग्टन रोडचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे व तेथील ठाणेही डी. बी. मार्ग या नावाने ओळखले जाते.