द्राक्षवेल आणि तिचा धनी

कासारवाडीच्या फाट्यावरून नाशिककडे जाणारी सडक भोसरी, मोशी व चाकण ही गावे मागे टाकीत राजगुरुनगर, मंचर आणि पुढे नारायणगावास पोहोचते. या वाटेचा पहिला टप्पा आज कारखान्यांनी व्यापलेला आहे; मोटारी आणि त्यांचे सुटे भाग तेथे अहोरात्र घडत असतात. मंचर ओलांडले, की धुराडी दिसेनाशी होतात आणि मीना व कुकडी यांच्या खोऱ्यांत द्राक्षांचे मांडव दृष्टीस पडू लागतात. याच वाटेवर, नारायणगावी, १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील आधुनिक द्राक्षमदिरेचा उद्योग रुजला. त्याच्या उदयास्ताचा अर्थ लावावयाचा, तर आधी स्पेनमधील एका जुन्या खोऱ्याकडे वळले पाहिजे.

उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या काठी रियोहा हा प्रांत आहे. तेथील तांबड्या मदिरेचे मुख्य द्राक्ष म्हणजे टेंप्रानियो. स्पॅनिश भाषेत ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर. इतर जातींच्या आधी पिकते, म्हणून त्यास हे नाव पडले. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात फिकाच असतो. रंग असतो तो सालीत. म्हणून तांबडी मदिरा करताना रस सालींसह आंबवितात. आंबताना साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो आणि तो दिवसातून अनेकदा रसात खाली दाबावा लागतो. लहान घराण्यांत हे काम आजही हातांनी होते. त्यानंतर मदिरा ओकच्या लाकडाच्या, सुमारे २२५ लिटरच्या पिंपांत मुरत ठेवतात. रियोहाच्या नियमाप्रमाणे ‘क्रियांसा’ म्हणविण्यास तांबड्या मदिरेला किमान दोन वर्षे मुरावे लागते व त्यांपैकी एक वर्ष पिंपात काढावे लागते. ‘ग्रान रेसेर्वा’ला पाच वर्षे लागतात.

पिंपांची ही विद्या रियोहाने फ्रान्सच्या बोर्दो प्रांताकडून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उचलली. पुढे फिलॉक्सेरा नावाच्या, मुळे पोखरणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथील व्यापारी मदिरेच्या शोधात स्पेनमध्ये उतरले आणि रियोहाची भरभराट झाली. परंतु १८९९ साली तीच कीड रियोहातही शिरली. उपाय सापडला तो अमेरिकेत. तेथील रानवेलींची मुळे या किडीस दाद देत नाहीत. म्हणून त्या मुळांच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधण्यात आले. तरीही तेथील पुष्कळसे लहान बागायतदार टिकले ते आणखी एका कारणाने. आपली द्राक्षे आपणच आंबवून तरुण मदिरा विकणारा ‘कोसेचेरो’ हा वर्ग तेथे पूर्वापार आहे. सगळेच तसे नव्हेत. अनेकजण मोठ्या घराण्यांस द्राक्षे विकतात. परंतु भाव पडला, तर फळाची मदिरा स्वतः करून ठेवण्याची वाट निदान काहींना मोकळी असते.

दख्खनच्या वेलीची तऱ्हा निराळी. रियोहात हिवाळा वेलीला झोपवितो; येथे तसा हिवाळा नाही. म्हणून माळ्याला कात्रीने तिचे वर्ष घडवावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काड्या तयार करावयाच्या आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करून फळ धरावयाचे. स्पेनची तोडणी शरदात होते, तर येथली माघ-फाल्गुनात. मात्र दोन्हीकडच्या वेली अमेरिकन खुंटावर उभ्या आहेत. दख्खनमध्ये तो प्रामुख्याने पाण्याच्या ताणासाठी व खारवट जमिनीसाठी वापरला जातो.

नारायणगावच्या मळ्यांतून शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ मदिरा काढली आणि ती परदेशी पाठविली. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता, तेथे हे धाडस लहान नव्हते. १९९९ साली नाशिकजवळ ‘सुला’ उभी राहिली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे त्यासाठी औद्योगिक क्षेत्रे राखून ठेवली. बागायतदारांनी मोठ्या आशेने थॉम्पसनच्या जागी मदिरेच्या जाती लावल्या.

येथेच पेच पडला. मदिरेचे द्राक्ष बारीक, बियांचे व जाड सालीचे असते. ते बाजारात खाण्यासाठी खपत नाही. ते घेणारा एकच, मदिरेचा कारखानदार. २००८ साली जगभर मंदी आली, मदिरेचा खप घटला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि खरेदी आटली. नारायणगावच्या त्या अग्रणी कंपनीने विस्तारासाठी कर्ज काढले होते. पुढील काही वर्षांत ती न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. नाशिककडील अनेक बागायतदारांनी हाताने लावलेल्या वेली उपटून टाकल्या. चाकणच्या कारखान्यात मागणी घटली, तर यंत्र थांबविता येते. वेल थांबत नाही. लागवडीपासून नीट पीक यावयास तिला दोन-तीन वर्षे लागतात आणि पिकलेला घड आठवडाभरही वाट पाहत नाही.

तेव्हापासून चित्र थोडे पालटले आहे. अकलूजला २००७ साली स्थापन झालेल्या ‘फ्रातेल्ली’ने स्वतःच्याच मळ्यातील द्राक्षांवर मदिरा करण्याचा मार्ग धरला. दिंडोरी तालुक्यातील चारोसा येथे तर स्पेनच्या टेंप्रानियोचीच तांबडी मदिरा तयार झाली. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र खुंट व जाती यांवर अभ्यास करीत आहे.

लहान, हातकामाच्या मदिराघराचे कौतुक बहुधा चवीसाठी होते. पण नारायणगावच्या वाटेवर त्याचा अर्थ अधिक गंभीर आहे. वेलीचा धनी आणि पिंपाचा धनी एकच असला, की मंदीचे वर्ष पिंपात मुरविता येते. ते दोघे वेगळे असले आणि मध्ये केवळ एक करारपत्र असले, तर त्या वर्षाचा सारा भार ज्याच्या हाती कात्री आहे त्याच्यावर पडतो. रियोहाच्या कोसेचेरोस ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दख्खनच्या बागायतदाराला ती उपटलेल्या वेलींनी शिकविली.