श्रद्धा आणि संपत्ति

सन १९४७ मध्यें अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत ओरल रॉबर्ट्स नांवाच्या एका सामान्य स्थितींतील धर्मोपदेशकाच्या वाचनांत बायबलांतील योहानाच्या तिसऱ्या पत्राचें दुसरें वचन आलें. गायस नामक मित्रास सर्व गोष्टींत भरभराट व आरोग्य लाभो, अशी इच्छा त्यांत व्यक्त झाली आहे. भक्तांना धन व आरोग्य देण्याचें ईश्वरी अभिवचनच त्यांत आहे, असें रॉबर्ट्स यांना वाटलें. देणगी हें बीज असून, तें पेरणाऱ्यास अनेकपटींनीं पीक मिळतें, असा उपदेश ते पुढें करूं लागले.

या शिकवणुकीच्या मर्मावर बोट ठेवणारी टीका स्वकीयांकडूनच झाली. गॉर्डन फी हे पेंटेकॉस्तल पंथाचेच विद्वान. प्राचीन पत्रांच्या आरंभीं क्षेमकुशल चिंतण्याची जी रीत होती, तीच या वचनांत आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. त्यावर संपत्तीचा सिद्धांत उभारणें म्हणजे नमस्काराला करारपत्र समजणें होय.

१९८९ सालीं दूरचित्रवाणीवरील उपदेशक जिम बेकर यांस देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. कारागृहांत बायबलाचें पुन्हा अध्ययन करतांना आपली शिकवण चुकीची होती, अशी त्यांची खात्री पटली. १९९६ सालच्या ग्रंथांत त्यांनीं तसें उघड मान्य केलें. २००८ व २००९ सालीं घानामधील आक्रोपाँग येथें जमलेल्या आफ्रिकी ख्रिस्ती धर्मपंडितांनींही, मनुष्याची आध्यात्मिक स्थिति त्याच्या सांपत्तिक स्थितीवरून मोजण्याची कल्पना त्याज्य ठरविली.

धन हें श्रद्धेचें फळ ठरविलें कीं, दरिद्री व रुग्ण मनुष्याच्या दुःखावर अश्रद्धेचा कलंक लागतो. ईयोबाच्या मित्रांनीं त्याच्या विपत्तींत त्याचाच दोष शोधला होता. ईश्वरानें दोष दिला तो त्या मित्रांना.