दत्तकविधानातील बालकाचे स्थान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात ‘दत्तक’ हा विषय प्रामुख्याने संस्थाने खालसा होण्याच्या संदर्भात येतो. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेल्या दत्तकाचा गादीवरील हक्क लॉर्ड डलहौसीने नाकारला. १८५३ मध्ये झाशीच्या गंगाधररावांनी निधनाच्या आदल्या दिवशी घेतलेल्या दत्तकाबाबतही तेच घडले. या प्रकरणांत राज्य कोणाचे, या प्रश्नाची चर्चा विपुल झाली आहे. दत्तक गेलेल्या बालकाचे हित कशात होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात दत्तकविषयक कायद्याच्या वाटचालीकडे याच प्रश्नाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

धर्मशास्त्रीय चौकट

पिंडदान व वंशसातत्य हे दत्तकाचे मूळ प्रयोजन असल्याने सर्वसाधारणपणे मुलगाच दत्तक घेतला जाई आणि तो सजातीय असणे अपेक्षित असे. पश्चिम भारतात सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ विशेष प्रमाण मानला गेला. त्याच्या आधारे मुंबई इलाख्यात विधवेस पतीच्या स्पष्ट अनुज्ञेवाचूनही दत्तक घेता येई. बंगालमध्ये अशी मुभा नव्हती. त्यामुळे येथील दत्तकविषयक दाव्यांत विधवा, भाऊबंद आणि दत्तक यांच्यातील मालमत्तेचा संघर्ष ठळकपणे दिसतो.

या चौकटीतील एक नियम विशेष विचारात घेण्याजोगा आहे. मूल दत्तक देण्याचा अधिकार केवळ आईवडिलांचा होता. परिणामी, ज्याचे आईवडील हयात नाहीत त्याला दत्तक देणारेच कोणी उरत नसे. ज्या बालकास घराची सर्वाधिक गरज होती, तेच या विधानाच्या कक्षेबाहेर राहिले. वंशाची निकड भागविण्यासाठी उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत अनाथाला स्थान नसणे स्वाभाविकच होते.

एकोणिसाव्या शतकातील वेगळी वाट

महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. जातीचे बंधन आणि जन्माविषयीचा कलंक या दोहोंना हे दत्तक छेद देणारे होते. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताच्या वारसाहक्काची स्वतंत्र तजवीज केली. असे दत्तक समाजाच्या व कायद्याच्या कसोटीवर टिकेलच, याची खात्री त्या काळी देता येत नव्हती, हे यावरून लक्षात येते. पंढरपूर येथील प्रार्थना समाजाच्या बालकाश्रमानेही निराधार मुलांचे संगोपन केले. तथापि संगोपन आणि कायदेशीर अपत्यत्व यांतील अंतर कायम राहिले.

कायद्यातील स्थित्यंतर

१८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने पालकाची नियुक्ती करताना अज्ञान बालकाचे कल्याण पाहण्याची जबाबदारी न्यायालयावर सोपविली. पुढे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने मुलीच्या दत्तकास मान्यता दिली, जातीचे बंधन दूर केले आणि दत्तहोम अनिवार्य राहिला नाही. १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या आणि आईबाप अज्ञात असलेल्या बालकांसही न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देण्याचा मार्ग मोकळा केला. शास्त्राने बंद ठेवलेले दार खऱ्या अर्थाने येथे उघडले. विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेण्याचा हक्क मिळण्यास मात्र २०१० साल उजाडावे लागले.

२००० च्या बाल न्याय अधिनियमाने दत्तकाकडे बालकाच्या पुनर्वसनाचा मार्ग म्हणून पाहिले. या अधिनियमाखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. २०१५ च्या अधिनियमानेही बालकाचे वय व समज लक्षात घेऊन त्याच्या इच्छेचा विचार आवश्यक ठरविला.

समारोप

या वाटचालीत दत्तकाचा केंद्रबिंदू वंशाकडून बालकाकडे सरकला, हे खरे. परंतु हे स्थित्यंतर अपूर्ण आहे. १९५६ च्या अधिनियमानुसार पालनकर्ता मूल दत्तक देत असेल, तर न्यायालय बालकाचे कल्याण व इच्छा तपासते. जन्मदाते आईवडील मूल देतात तेव्हा अशी पूर्वतपासणी बंधनकारक नाही. आईवडिलांचा निर्णय मुलाच्या हिताचाच असतो, हे जुने गृहीतक येथे आजही टिकून आहे. साताऱ्याच्या व झाशीच्या दत्तकांना त्यांची इच्छा कोणी विचारली होती काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ इतिहासाचा उरत नाही. दत्तकाच्या इतिहासाचे अध्ययन गादी आणि मालमत्ता यांपलीकडे नेऊन बालकापर्यंत पोहोचविणे, ही अभ्यासकांची जबाबदारी आहे.