निर्गमनाचा शिक्का

पारपत्राच्या पानांवर दोन प्रकारचे शिक्के उमटतात. एक येण्याचा, दुसरा जाण्याचा. येण्याचा शिक्का मिळाल्यावाचून पुढचे दार उघडत नाही, म्हणून प्रवाशाचे सारे लक्ष त्याच्याकडे असते. जाण्याच्या शिक्क्याची फारशी कोणी फिकीर करीत नाही. गर्दीच्या वेळी तो अधिकाऱ्याच्या हातून राहून गेला, तरी ते ध्यानात येत नाही. आणि पुढच्या खेपेस ‘आपण ह्या देशातून बाहेर पडलात तरी कधी?’ असा प्रश्न आला म्हणजे मग धांदल उडते. शेंगेन करारातील युरोपीय राष्ट्रांनी २००६ साली जी सीमासंहिता केली, तिच्यात अशा माणसासाठी एक वाट ठेविली होती. शिक्का नसेल तर तो मुदतीबाहेर राहिला असे धरून चालण्यास अधिकारी मोकळे होते. परंतु प्रवासाचे तिकीट किंवा आपण अन्यत्र असल्याचा पुरावा दाखवून ते खोडून काढण्यास प्रवासीही मोकळा होता. एका कागदाची उणीव दुसऱ्या कागदाने भरून निघावी, ही गोष्ट आज साधी वाटते. ह्याच युरोपात, फ्रान्स आणि स्पेन ह्यांच्या सीमेवर, १९४० साली ती साधी नव्हती.

त्या वर्षी २२ जून रोजी पराभूत फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये जर्मन सरकार ज्या जर्मनांची नावे देईल, त्यांना फ्रान्सने स्वाधीन करावयाचे होते. हिटलरच्या राजवटीतून निसटून आलेले लेखक, प्राध्यापक, चित्रकार आणि कामगार पुढारी ह्यांच्या पायांखालची वाळूच ह्या कलमाने सरकली. त्यांतील अनेक दक्षिणेस मार्सेय बंदरी गोळा झाले. सुटकेचा मुख्य मार्ग म्हणजे स्पेन ओलांडून पोर्तुगाल गाठणे आणि लिस्बनला बोटीत बसणे. त्यासाठी प्रथम अमेरिकेचा किंवा दुसऱ्या एखाद्या दूरच्या देशाचा व्हिसा हवा. तो दाखविला म्हणजे पोर्तुगालचा, आणि पोर्तुगालचा दाखविला म्हणजे स्पेनचा, केवळ वाटेने जाण्यापुरता व्हिसा मिळे. एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपे. पोर्तुगालची सत्ता तेव्हा सालाझारकडे होती. १९३९ च्या नोव्हेंबरात निघालेल्या चौदाव्या परिपत्रकाने त्याच्या सरकारने निर्वासितांच्या व्हिशांवर कडक बंधने घातली होती. गोमंतकातील श्रोत्यांना ह्या गृहस्थाची ओळख निराळी करून द्यावयास नको.

ह्या सर्वांवर ताण करणारा कागद म्हणजे फ्रान्स सोडून जाण्याची खुद्द फ्रान्सची परवानगी. ती मागावयाची तर अर्ज व्हिशी सरकारकडे जावयाचा, आणि तेथून नाव जर्मनांच्या कानी जाण्याचे भय. अर्ज न करता निघणे हा गुन्हा. अर्ज करणे म्हणजे आपला ठावठिकाणा आपणच शत्रूला कळविणे. येणाऱ्याची चौकशी प्रत्येक राज्य करते, आणि त्यात काही वावगे नाही. पण जाणाऱ्याला दारात अडविणारे राज्य पाहुण्याला कैदी करून ठेवते, असे माझे मत आहे.

व्हेरियन फ्राय नावाचा तरुण अमेरिकन पत्रकार ऑगस्टमध्ये मार्सेयला उतरला. न्यूयॉर्कमधील एका साहाय्यक समितीने त्याला ३,००० डॉलर आणि सुमारे २०० नावांची यादी देऊन पाठविले होते. सप्टेंबरच्या मध्यास तो कादंबरीकार फ्रान्ट्स वेर्फेल, त्यांची पत्नी आल्मा, एकोणसत्तर वर्षांचे हाइनरिख मान, त्यांची पत्नी आणि पुतण्या गोलो ह्यांना घेऊन सेर्बेर ह्या सीमेवरच्या स्थानकावर आला. परवानगीवाचून आगगाडीने जाता येणार नाही, असे तेथील फ्रेंच अधिकाऱ्याने सांगितले. पण डोंगरावरून पायी जा, असेही त्यानेच सुचविले. मंडळी भर उन्हात डोंगर चढली. त्यांचे सामान, आणि त्यातच आल्माने जपलेली संगीतरचनांची हस्तलिखिते, फ्रायने आगगाडीने राजरोस नेली. माणसांना शिक्का हवा होता. पेट्यांना नको होता!

डोंगर उतरला म्हणजे सुटलो, असे मात्र नव्हते. आता पहिल्या स्पॅनिश चौकीवर आपण होऊन हजर व्हावयाचे आणि प्रवेशाचा शिक्का मागून घ्यावयाचा. तो नसला तर पुढे कोठेही पकडले जाऊन तुरुंगात पडण्याची पाळी. फ्रान्समधून चोरून निघालेल्या माणसाने स्पेनमध्ये सरळ पुढच्या दाराने शिरावयाचे, असा हा उलटा न्याय होता. स्पॅनिश अधिकारी बहुधा आपल्या देशाचा व्हिसा तेवढा पाहत आणि फ्रान्सचा शिक्का नसल्याकडे कानाडोळा करीत. सारा बेत ह्या ‘बहुधा’वर उभा होता.

त्याच महिन्याच्या २५ तारखेस विचारवंत वाल्टर बेन्यामिन बान्यूल्स गावाहून निघाले. वय ४८, हृदय दुबळे. जर्मनीने त्यांचे नागरिकत्व आदल्या वर्षीच काढून घेतले होते. अमेरिका, पोर्तुगाल आणि स्पेन ह्या तिन्ही देशांचे व्हिसे जवळ होते. फ्रान्सची परवानगी तेवढी नव्हती. वाट दाखविणारी लिझा फिटको ही स्वतःच निर्वासित. बान्यूल्सच्या नगराध्यक्षाने तिला ही वाट समजावून दिली होती: द्राक्षमळ्यांचे मजूर पहाटे निघतात, त्यांच्यात मिसळून जा. बेन्यामिन घड्याळ लावून दहा मिनिटे चालत आणि एक मिनिट थांबत. हातातील जड काळी बॅग ते सोडीनात. तिच्यातले हस्तलिखित आपल्या जिवापेक्षा मोलाचे आहे, असे ते म्हणत. पहिली रात्र त्यांनी डोंगरावर उघड्यावर एकट्याने काढली, कारण उतरून पुन्हा चढण्याची शक्ती नव्हती. दुसऱ्या दिवशी सोबतच्यांसह ते स्पेनमधील पोर्तबो गावी पोहोचले. चौकीवर उत्तर मिळाले की नवा हुकूम आला आहे, तुम्हांला परत फ्रान्समध्ये धाडले जाईल. कोणी म्हणतात, राष्ट्रीयत्व नसलेल्यांना तो हुकूम होता. कोणी म्हणतात, फ्रान्सचा शिक्का नसलेल्यांना. बेन्यामिन दोहोंतही बसत होते. त्या रात्री त्यांना पहाऱ्यात एका हॉटेलात ठेवण्यात आले, आणि तेथे त्यांनी जवळचे मॉर्फीन घेऊन जीवनाचा शेवट केला. सरकारी दप्तरात मृत्यूचे कारण मेंदूतील रक्तस्राव असे नोंदलेले आहे.

सोबतच्या मंडळींना पुढे जाऊ दिले गेले. लिझा फिटको आणि तिचा नवरा पुढचे काही महिने त्याच वाटेने माणसे पोहोचवीत राहिली. चौकीवर पुन्हा पूर्वीसारखेच स्पॅनिश शिक्के मिळू लागले होते. फ्रायला १९४१ च्या सप्टेंबरात फ्रान्सने हद्दपार केले; तोवर त्याच्या कचेरीने सुमारे २,००० लोकांना साहाय्य केले होते, असे मानले जाते. काळ्या बॅगेतील हस्तलिखित मात्र कोणाच्याही हाती लागले नाही.

काही महिन्यांनी बेन्यामिन ह्यांची स्नेही हाना आरेन्ट ह्याच सीमेने अमेरिकेस जाताना पोर्तबोच्या दफनभूमीत थांबली. समुद्रावरच्या त्या टेकडीवर तिने पुष्कळ शोधले, पण त्यांचे नाव कोठे दिसेना. दप्तरात ते उलटे, म्हणजे ‘बेन्यामिन वाल्टर’ असे उतरले होते, आणि ख्रिस्ती दफनभूमीतील त्या कोनाड्याचे पाच वर्षांचे भाडे त्यांच्यापाशी सापडलेल्या पैशांतून भरून घेण्यात आले होते.