सहा अक्षरांची कुळकथा

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात डायमेकिंग हा घरोघरचा धंदा. डाय म्हणजे धातूच्या ठोकळ्यात उलटी कोरलेली नक्षी. दागिन्यात पाकळीचा जो भाग वर उठून दिसायचा, तो इथे खोल जातो. उजवी कड डावीकडे येते. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की फूल उमटतं. एकदा डाय साधली की तिच्यातून हवी तेवढी फुलं निघतात, आणि सगळी हुबेहूब. डायमेकरचं सगळं कसब या हुबेहूबपणात आहे.

मात्र एकाच डायमधल्या दोन कर्णफुलांपैकी एक बावीस कॅरेटचं आणि दुसरं अठराचं असलं, तर नुसत्या डोळ्यांना ते कळणं कठीण. म्हणून पंचाने ठोकायचा शिक्का आला. इंग्लंडच्या राजाने 1300 साली चांदीवर बिबट्याच्या तोंडाचा छाप सक्तीचा केला. 1478पासून लंडनचे सोनार आपला माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये नेऊन तपासून घेऊ लागले, ‘हॉलमार्क’ हा शब्द तिथला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) सोन्याचं हॉलमार्किंग 2000 साली सुरू केलं. बावीस कॅरेटला 916, म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं. पण त्या शिक्क्यांनी शुद्धता, तपासणी केंद्र आणि सराफ एवढंच कळायचं. एका सराफाच्या शंभर अंगठ्यांवर तोच शिक्का. यातली ही अंगठी नेमकी कोणती, हे सांगणारं काहीच नव्हतं.

चिप जिच्यावर घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीपुढेही हाच प्रश्न होता. चिपच्या कारखान्यात तिला वेफर म्हणतात. एकाच कांडीतून कापलेल्या, आरशासारख्या घासलेल्या या चकत्या पंचवीस-पंचवीसच्या डब्यातून शेकडो प्रक्रियांमधून जातात. मधेच एक बिघडली तर ती कुठल्या यंत्रातून, कधी गेली हे शोधणार कसं? पूर्वी कडेला हिऱ्याच्या टोकाने नंबर ओरखडत. पण सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ, आणि ओरखड्यातून उडालेला कण चिपचा घात करतो. 300 मिलिमीटर रुंदीच्या चकतीची जाडी जेमतेम 775 मायक्रॉन. तिच्यावर पंच मारायचा तर प्रश्नच नाही. म्हणून लेसर आला. प्रकाशाचा एक ठोका बसला की तेवढ्याच जागी सिलिकॉन क्षणभर वितळतं आणि बारीक खळगा राहतो. अशा ठिपक्यांनी अक्षरं लिहितात, किंवा मोठ्या चकत्यांच्या मागच्या बाजूला चौकोनी ठिपक्यांचा कोड. अक्षरांच्या नंबरात चकती बनवणाऱ्याची खूण असते, आणि शेवटी दोन अक्षरं निव्वळ पडताळणीची: यंत्राने एखादं अक्षर चुकीचं वाचलं तर हिशेब जुळत नाही.

सोन्यातही पंचाला हीच अडचण होती. डायवर दाबलेलं हलकं, पोकळ कर्णफूल पंचाच्या घावाने चेपतं. लेसर धक्का न देता लिहितो. 1 जुलै 2021पासून हॉलमार्क होणाऱ्या प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख-नंबर, येऊ लागला, आणि 1 एप्रिल 2023पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला मनाई झाली. भिंगाखाली पाहिलं तर अंगठीच्या आतल्या बाजूला करड्या रंगाची बारीक अक्षरं दिसतात. भिंग सराफाकडून मागून घ्यावं, त्याने ते ठेवायचंच असतं. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की सराफ, तपासणी केंद्र, शुद्धता आणि नगाचा प्रकार समोर येतो. एका डायमधून निघालेल्या दोन फुलांचे नंबर मात्र वेगळे.

हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मंगळसूत्रात आयुष्यभराची बचत घालणाऱ्या बाईला आता फक्त सराफाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. पण अ‍ॅपमधल्या त्या नोंदीत डाय कोरणाऱ्याला जागा नाही. हातातली छिन्नी जाऊन बरंच काम आता संगणकावर आखून यंत्रावर होतं, तरी नक्षी सुचते माणसालाच. वेफरचा नंबर चकती बनवणाऱ्याचं नाव सांगतो. दागिन्याच्या नोंदीतही डायमेकरसाठी एक रकाना वाढवता येईल, आणि तो वाढवायला हवा.