सिटी, व्हर्ना, व्हर्टस, स्लाव्हिया : फॅमिलीसाठी मोठी सेडान घेताना कुठल्या इंजिनाचे पैसे वसूल होतात?

शोरूममध्ये सेडान बघायला गेलं की सेल्समन दोन आकडे पुढे करतो. एक पॉवरचा आणि दुसरा ॲव्हरेजचा. गिऱ्हाईक ते आकडे मोबाईलमध्ये टिपून घेतं, घरी येऊन भावाला आणि मेहुण्याला पाठवतं आणि मग व्हॉट्सॲपवर वाद सुरू होतो. एक म्हणतो होंडाचं इंजिन म्हणजे लोणी. दुसरा म्हणतो टर्बो नसेल तर गाडीच घेऊ नको. तिसरा म्हणतो हायब्रिड घे आणि पेट्रोल पंप विसरून जा.

तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण प्रश्न पंधरा-सोळा लाखांचा आहे, त्यामुळे कोण कुठल्या जागी बरोबर आहे ते बघितलेलं बरं.

इथे मोठी सेडान म्हणजे डिझायर, अमेझ किंवा ऑरा नाही. या गाड्या चार मीटरच्या आत बसवलेल्या आहेत आणि त्यामागे सरकारी नियम आहे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा लहान आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आली. २००८ मध्ये टाटाने इंडिगो सीएस आणली, ती याच सवलतीत बसणारी पहिली सेडान. २०१२ मध्ये मारुतीनेही डिझायरची डिकी कापून तिला चार मीटरच्या आत आणलं. आपल्या रस्त्यावर मागून अचानक संपल्यासारख्या दिसणाऱ्या सेडान दिसतात, त्या या नियमामुळे.

त्यावरची पायरी म्हणजे साधारण साडेचार मीटरच्या गाड्या. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया. शेवटच्या दोघी पुण्याजवळ चाकणला एकाच प्लॅटफॉर्मवर बनतात, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत त्यांना सख्ख्या बहिणी समजायला हरकत नाही. मारुतीची सियाझही या रांगेत होती, पण २०२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

सगळ्यांचं इंजिन १.५ लिटरचंच का?

सिटीचं इंजिन १४९८ सीसी. व्हर्नाचं साधं इंजिन १४९७ आणि टर्बो १४८२. व्हर्टस-स्लाव्हियाचं मोठं इंजिन पुन्हा १४९८. हा योगायोग नाही.

जीएसटी आल्यावर चार मीटरपेक्षा लांब गाड्यांमध्ये १५०० सीसीची रेघ मारली गेली. रेघेच्या आत असलेल्या गाडीवर सेस धरून एकूण ४५ टक्के कर, आणि रेघ ओलांडली की ४८ टक्के. थर्ड पार्टी इन्शुरन्सचंही तसंच. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला वर्षाला ३४१६ रुपये, तर १५०० च्या वर गेलं की थेट ७८९७ रुपये. इतक्या ठिकाणी जास्त पैसे मोजायचे असतील तर १.६ लिटरचं इंजिन कोण आणेल? व्हर्नाच्या आधीच्या पिढीत १.६ लिटरची इंजिनं होती, ती अशीच मागे पडली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला. आता लहान गाड्यांवर १८ टक्के आणि बाकी सगळ्यांवर ४० टक्के. म्हणजे ४५ चे ४० झाले, पण डिझायर आणि व्हर्ना यांच्यातला कराचा फरक १६ टक्क्यांवरून २२ वर गेला. व्हर्टसचं लहान इंजिन फक्त ९९९ सीसीचं आहे, तरी तिला १८ टक्क्यांचा फायदा मिळत नाही, कारण गाडीची लांबी ४५६१ मिलिमीटर आहे. इन्शुरन्सचा प्रीमियम मात्र १००० सीसीच्या आत असल्यामुळे कमी बसतो.

डिझेलचं काय, हा प्रश्न आता संपल्यात जमा आहे. १ एप्रिल २०२३ पासून गाडीचा धूर लॅबबाहेर, रस्त्यावरही मोजण्याचे नियम लागू झाले. त्यात डिझेल इंजिन बसवणं महाग झालं आणि सिटी, व्हर्ना या दोघींनी डिझेल सोडलं.

पॉवर नको, टॉर्क कुठे मिळतो ते बघा

सिटीचं इंजिन १२१ पीएसचं आणि व्हर्टसचं छोटं इंजिन ११५ पीएसचं. कागदावर सिटी पुढे. पण पाच माणसं, डिकीत बॅगा आणि एसी चालू अशा अवस्थेत खंबाटकीच्या चढाला लागलं की चित्र उलटं होतं.

कारण टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारी ओढ. सिटीच्या साध्या इंजिनाचा १४५ एनएम टॉर्क ४३०० आरपीएमला पूर्ण मिळतो. व्हर्नाच्या साध्या इंजिनाचा १४४ एनएम ४५०० ला. म्हणजे चढावर गिअर खाली घेऊन इंजिन ओरडवावं लागतं, तेव्हा गाडी उचलते. व्हर्टस-स्लाव्हियाच्या १.० टीएसआयचा १७८ एनएम मात्र १७५० आरपीएमपासूनच हजर असतो. १.५ टीएसआयचा २५० एनएम १६०० पासून आणि व्हर्ना टर्बोचा २५३ एनएम १५०० पासून. एक्झॉस्टच्या धुराने फिरणारा टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून लहान इंजिनही कमी आरपीएमला मोठ्यासारखं ओढतं.

घाटात समोर लोड भरलेला ट्रक आहे आणि ओव्हरटेकसाठी थोडीच मोकळी जागा मिळाली आहे, तेव्हा हा फरक सुरक्षेचा होतो. साध्या इंजिनाची गाडी चालवणाऱ्याने आधीच गिअर टाकून तयार राहायचं असतं. ज्याला ते अंगवळणी पडलंय त्याला त्रास होत नाही. आयुष्यभर डिझेल चालवून आलेला माणूस मात्र पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी हलत नाही आणि तो समोरच्या लेनमध्ये अडकतो.

उंचीचाही थोडा भाग आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर आहे. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ असते, त्यामुळे साधं इंजिन तेवढी ताकद गमावतं. टर्बो ही तूट बऱ्यापैकी भरून काढतो.

मग साधं इंजिन घ्यायचंच कशाला? कारण ते साधं आहे. त्यात टर्बोचं तापमान नाही, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे महागडे हाय प्रेशर इंजेक्टर नाहीत. ऑइल बदलायला महिनाभर उशीर झाला तर ते सहन करतं. टर्बोला अशी हयगय चालत नाही. दहा-बारा वर्षं गाडी ठेवायची आणि वॉरंटी संपल्यावर गावातल्या मेकॅनिककडे न्यायची असेल, तर सिटी किंवा साधी व्हर्ना हा डोक्याला कमी ताप देणारा सौदा आहे. शिवाय चार सिलिंडर असल्यामुळे सिग्नलला उभं राहिल्यावर गाडी चालू आहे की बंद ते कळत नाही. १.० टीएसआय तीन सिलिंडरचं आहे, आणि थंड असताना त्याची थरथर जाणवते.

गिअरबॉक्स बघितल्याशिवाय इंजिन ठरवू नका

इंजिनावर तासभर बोलणारे लोक गिअरबॉक्सवर एक मिनिट देतात. ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर हे उलटं असायला हवं.

सिटी आणि साध्या व्हर्नामध्ये सीव्हीटी मिळते. ठाण्याच्या घोडबंदर रोडला किंवा पुण्याच्या चांदणी चौकाला ती स्वर्ग आहे, पण जोरात दाबलं की आधी आवाज वाढतो आणि मग वेग. १.० टीएसआयला टॉर्क कन्व्हर्टर मिळतो, जुनं आणि भरवशाचं तंत्र. दोन्ही मोठ्या टर्बोंना सात स्पीडची ड्युअल क्लच. हायवेला हिच्यासारखी मजा कशातच नाही, पण इंचाइंचाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये आत क्लच सतत घासत राहतो आणि तापतो. रोजचा प्रवास बंपर टू बंपर असेल तर ती टाळलेली बरी. ती वॉरंटीबाहेर बिघडली तर बिल मोठं येतं.

ॲव्हरेजचा आकडा कुठून येतो?

कंपनीच्या ब्रोशरमधला ॲव्हरेज टेस्ट लॅबमधल्या रोलरवर निघतो. पुण्याची एआरएआय ही अशा टेस्ट करणारी संस्था, म्हणून लोक त्याला एआरएआय मायलेज म्हणतात. टेस्टचा ठरलेला पॅटर्न असतो. जास्तीत जास्त वेग ९० आणि सरासरी वेग ३२ च्या आसपास. तिथे ना एसी, ना घाट, ना मागच्या सीटवर तिघं.

म्हणून एक विचित्र गोष्ट घडते. व्हर्ना मॅन्युअलचा कागदावरचा ॲव्हरेज साध्या इंजिनाला १८.६ आणि टर्बोला २०. ताकदवान इंजिन जास्त ॲव्हरेज कसं देतं? कारण टेस्टमध्ये टर्बोला जागं करण्याइतका ॲक्सिलरेटर कोणी दाबतच नाही. रस्त्यावर दाबला जातो, आणि तिथे टर्बोचा ॲव्हरेज पायावर ठरतो. शांत चालवणाऱ्याला तो खरंच चांगला मिळतो. १.५ टीएसआयमध्ये तर गरज नसताना चारपैकी दोन सिलिंडर बंद करण्याची सोय आहे. पण टर्बो घेऊन शांत चालवणारे किती, हा वेगळा विषय.

पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलचाही हिशेब धरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिश्रण केल्यावर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी.

हायब्रिडचं गणित

२०२२ मध्ये सिटी हायब्रिड आली. तिचा कागदावरचा ॲव्हरेज २६.५ होता. शहरात तिची चाकं बहुतेक वेळ इलेक्ट्रिक मोटर फिरवते आणि पेट्रोल इंजिन जनरेटरसारखं वीज बनवतं. हायवेच्या वेगाला इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. चार्जिंगला लावायची भानगड नाही. तंत्रज्ञान म्हणून या वर्गातली ही सगळ्यात हुशार गाडी आहे.

पण पैसे? साध्या सिटीच्या वरच्या सीव्हीटी मॉडेलपेक्षा ती तीन लाखांनी महाग धरू. ट्रॅफिकमध्ये साधी सिटी १३ देते आणि हायब्रिड २१, असंही धरू. पेट्रोल, हिशेब सोपा जावा म्हणून, १०० रुपये लिटर. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे साधारण ३५२ लिटर वाचतात, म्हणजे ३५ हजार रुपये. तीन लाख वसूल व्हायला साडेआठ वर्षं. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे. म्हणजे पैसे सुटतात आणि वॉरंटी संपते.

तेच एखादा माणूस रोज मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ९०-१०० किलोमीटर करत असेल, वर्षाला ३० हजार, तर वर्षाला ८८ हजार वाचतात आणि साडेतीन वर्षांत पैसे वसूल. एक किंमत मात्र या गणितात दिसत नाही. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे. हायब्रिडमध्ये बॅटरीने जागा खाल्ल्यामुळे ३०६ उरते. गणपतीला कोकणात चौघांचं सामान घेऊन जाणाऱ्या घराने हे आधी बघावं.

टर्बोचा असा सरळ हिशेब मांडता येत नाही, कारण तो पैसे वाचवत नाही. बरोबरीच्या मॉडेलमध्ये तो लाख-दीड लाखाने महाग पडतो, आणि महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स असल्यामुळे त्या फरकावरही १२ ते १८ हजार वाढतात. महिन्यातून दोनदा घाट चढून गावी जाणाऱ्याला, पाचही सीट भरून जाणाऱ्याला तो द्यावा. वर्षातून एकदा लोणावळ्याला जाणाऱ्याने देऊ नये.

आणि हेच इंजिन एसयूव्हीत घेतलं तर?

बहुतेक लोक शेवटी तेच करतात. क्रेटामध्ये व्हर्नाची दोन्ही पेट्रोल इंजिनं आहेत, एलिव्हेटमध्ये सिटीचं, टायगुन-कुशाकमध्ये व्हर्टस-स्लाव्हियाची. इंजिन तेच, पण उंच बॉडीला हवा जास्त कापावी लागते. कागदावर सिटी मॅन्युअल १७.८ देते आणि एलिव्हेट १५.३१. व्हर्ना टर्बो ऑटोमॅटिक २०.६, क्रेटा टर्बो १८.४. वळणावर सेडान कमी डुलते आणि मागे बसलेल्यांना घाटात मळमळणं त्यामानाने कमी होतं. क्रॅश टेस्टमध्येही सेडान मागे नाहीत. २०२३ मध्ये व्हर्ना, व्हर्टस आणि स्लाव्हिया तिघींना ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले.

सेडानच्या विरुद्ध खरा मुद्दा गुडघ्यांचा आहे. आजी-आजोबांना खाली वाकून आत बसावं लागतं आणि बाहेर पडताना हात द्यावा लागतो. घरात सत्तरीचं माणूस असेल तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना सोबत न्या आणि दोनदा चढउतार करायला लावा.

एसयूव्हीच्या या लाटेमुळे जुन्या बाजारात मोठ्या सेडानना मागणी कमी आहे. विकणाऱ्याचं नुकसान, घेणाऱ्याचा फायदा. तीन-चार वर्षांची, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असलेली साधी पेट्रोल सिटी किंवा व्हर्ना मिळत असेल, तर नव्या डिझायरच्या पैशात वरच्या वर्गाची गाडी दारात येते. जुनी टर्बो घेताना ऑइल बदलल्याच्या तारखा आणि किलोमीटर तपासा, आणि ड्युअल क्लच असेल तर चढावर थांबवून, पुन्हा उचलून बघा. धक्का किंवा थरथर जाणवली तर दुसरी गाडी शोधा.